पद्मिनी हलकी करायची, तर भंगारातून काय आणावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, डायनमोवाली (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेली), खासगी नोंदणीची. घाटात तिला दम लागतो, सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो आणि एकूण गाडी जड वाटते. कुर्ल्याच्या भंगार बाजारात नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकचे भाग स्वस्तात मिळतात. रेडिएटर, अल्टरनेटर (डायनमोचंच काम करणारं नव्या पद्धतीचं यंत्र), बकेट सीट, अलॉय व्हील असं सगळं आणून बसवलं तर गाडी किती हलकी होईल आणि काय काय बसेल, असं तुम्ही विचारलंय. माझं काम जुन्या फियाट आणि पद्मिनी परत उभ्या करायचं. परळच्या गॅरेजात हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब मांडू. पद्मिनीचं वजन ८९५ किलोच्या आसपास. १०८९ सीसीचं इंजिन नवंकोरं असताना ४० अश्वशक्ती द्यायचं. म्हणजे टनामागे साधारण ४५ अश्वशक्ती. तुम्ही बाजार पालथा घालून बारीकसारीक भाग बदललेत आणि २० किलो वाचवलेत, तर ते सव्वादोन टक्के झाले. मागच्या सीटवरचा एक माणूस कमी केला तर त्याच्या तिप्पट वजन कमी होतं. आता दुसरी बाजू बघा. ४५ वर्षांच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात तयार होणारा दाब) उतरलंय, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकलंय, कार्ब्युरेटरचा जेट घासून मोठा झालाय आणि त्यात मिळून १० अश्वशक्ती गेल्यात, असं धरा. पाव ताकद तिथेच संपली. ती २० किलोंनी भरून येत नाही.

म्हणून मला वाटतं, तुमची खरी अडचण ‘गाडी थकली आहे’ ही आहे आणि वजन हा तिचा एक छोटा भाग आहे. भंगार बाजारात जायच्या आधी दोन-तीन गोष्टी घरीच तपासा. अर्धा तास गाडी चालवा आणि उतरल्याबरोबर चारही चाकांजवळ हात न्या. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाहीये. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. व्हील सिलिंडर गंजून अर्धवट अडकला किंवा हँडब्रेकची केबल आतून सुजली की गाडी कायम किंचित ब्रेक लावूनच पळते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तरी कळतं. मग कॉम्प्रेशन टेस्ट. नेमका आकडा किती येतो त्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक बघा. तो दहा टक्क्यांच्या वर असेल तर आधी इंजिनाकडे लक्ष द्या. स्टिअरिंग जड असेल तर टायरची हवा, सस्पेन्शनच्या जोडांचं ग्रीस आणि स्टिअरिंग बॉक्समधलं तेल, याच क्रमाने बघा. ह्यातलं बरंचसं काम ग्रीसगन आणि पान्याचं आहे, खर्च थोडा आहे.

हे सगळं ठीक असेल आणि तरीही वजन उतरवायचं असेल, तर पहिलं वजन गाडीतूनच काढायचं. नवं काही आणायच्या आधी गाडीत साचलेलं बघा. जुन्या पद्मिनीच्या अंगावर वर्षानुवर्षांची पुट्टी असते. दाराच्या खालच्या कडेवर, मडगार्डच्या गोलाईवर बोटाने टिचकी मारत जा. जिथे ‘टण’ ऐवजी ‘ठप’ आवाज येतो तिथे पत्र्यावर जाड थर आहे. फ्लोअरला गंज लागला की डेंटर जुना पत्रा न कापता वरून जाड पत्रा ठोकतात आणि त्यावर डांबर मारतात. मग पुढच्या वेळी त्याच्यावर आणखी एक. मॅट आणि त्याखालचा काथ्या मुंबईच्या पावसात पाणी धरून ठेवतो, ते पाणी पत्रा खातं आणि वजनही वाढवतं. फ्लोअरचं काम नीट, म्हणजे सडका भाग कापून योग्य जाडीचा पत्रा लावून करून घेतलं, तर गाडी हलकीही होते आणि तिचं आयुष्यही वाढतं. जोडीला बंपरवरचे लोखंडी गार्ड, छतावरचा कॅरिअर, डिकीतला जुना स्पीकर बॉक्स हे सगळं बघा. स्टेपनी आणि जॅक मात्र काढू नका.

ह्याच यादीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सीएनजी. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मधल्या काळात कोणी किट बसवलं असेल तर डिकीतली पोलादी टाकी रिकामी असतानाही पन्नास किलोच्या आसपास भरते, शिवाय तिचा लोखंडी पाळणा वेगळा. हे वजन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे अगदी नको तिथे असतं. बाजारातले सगळे हलके भाग मिळून जेवढं वाचवणार नाहीत तेवढं ह्या एका टाकीत आहे. गाडी महिन्यातून दोनदा, रविवारी चालवायची असेल तर किट उतरवणं फायद्याचं आहे. रोज चालवणार असाल तर पेट्रोलचा खर्च तुम्हीच ठरवा. उतरवलंत तर आरसी बुकात इंधनाची नोंद बदलून घ्यायला विसरू नका. आणि भंगारातली सीएनजी टाकी कुठल्याही किमतीला घेऊ नका. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) लागते ती उगीच नाही.

आता बाजाराकडे वळू. तिथून काय घ्यायचं हे ठरवताना माझ्या गॅरेजात एकच कसोटी चालते. जो भाग बिघडला तर गाडी थांबते, तो भंगारातून चालेल. जो भाग बिघडला तर गाडी थांबतच नाही, किंवा वळत नाही, तो नवाच घ्यायचा. अल्टरनेटर मेला तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहाल, वैतागाल, टोइंगला फोन कराल. टाय रॉड (स्टिअरिंगला चाकांशी जोडणारा दांडा) तुटला तर फोन करायला कोण उरेल सांगता येत नाही. वजन, किंमत, दिसणं हे सगळं ह्या कसोटीच्या नंतर येतं.

ह्या कसोटीवर सगळ्यात चांगला उतरतो तो अल्टरनेटर, आणि तुमच्या गाडीला त्याचा खरा उपयोग आहे. डायनमो जड असतो आणि इंजिन मंद चालू असताना चार्ज जवळजवळ करतच नाही. म्हणून सायन सर्कलच्या सिग्नलला हेडलाइट, वायपर, हॉर्न सुरू असताना दिवे मंदावतात आणि डॅशवरचा लाल दिवा मिणमिणतो. मारुती ८०० किंवा ओम्नीचा अल्टरनेटर साधारण निम्म्या वजनाचा असतो, आयडलिंगलाही चार्ज करतो आणि त्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) आतच असतो. दोन्ही गाड्या लाखोंनी विकल्या गेल्या, त्यामुळे माल भरपूर आहे. त्यात चांगला-वाईट निवडायला वाव मिळतो, आणि पुढे ब्रश किंवा बेअरिंग लागलं तर कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे मिळतं. दुर्मिळ गाडीचा आणखी हलका अल्टरनेटर मिळाला तरी घेऊ नका, पुढच्या वर्षी त्याचा रेग्युलेटर शोधत फिराल.

निवडताना तो हातात घ्या आणि पुली फिरवा. ती न खरखरता फिरली पाहिजे. मग पुली धरून आडवी हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. बॉडीच्या फटींतून आत नाक लावून वास घ्या. जळक्या वार्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही, तो आला तर परत ठेवा. त्यानंतर ॲल्युमिनियमचे कान, म्हणजे जिथून बोल्ट जातो ती जागा, नीट निरखा. समुद्राच्या हवेत लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकत्र राहिले की मधे पांढरी भुकटी धरते. भुकटी वरवर असेल तर हरकत नाही, पण भोकाच्या कडेपासून निघालेली केसासारखी रेघ दिसली तर तो कान काही महिन्यांत तुटणार. भोकात रॉकेलचा एक थेंब सोडून पुसून टाका. चीर असेल तर पुसल्यावरही तिथून ओल पाझरत राहते. शेवटी दुकानदाराला बॅटरीवर लावून दाखवायला सांगा. चांगल्या पार्टवाल्याकडे बेंच असतो. नसेल तर ‘गाडीवर लावून बघतो, चालला नाही तर बदलून द्या’ असं ठरवा आणि ते बिलावर लिहून घ्या.

बसवताना तीन गोष्टी सांभाळायच्या. डायनमो लांबुळका, अल्टरनेटर आखूड आणि जाड. त्यामुळे ब्रॅकेट तोच ठेवून लेथवाल्याकडून स्पेसर बनवून घ्यावे लागतात. क्रँकची, वॉटर पंपाची आणि अल्टरनेटरची पुली एका रेषेत आली पाहिजे, सरळ पट्टी लावून बघा. काही अल्टरनेटरांवर बारीक खाचांची चपटी पुली असते. तुमचा बेल्ट व्ही आकाराचा आहे, तेव्हा पुली बदलावी लागेल. दुसरं वायरिंग. डायनमोचा कटआऊट (त्याची वेगळी रेग्युलेटरची डबी) सर्किटमधून पूर्ण बाहेर काढा. अल्टरनेटरपासून स्टार्टरच्या बॅटरीवाल्या टोकापर्यंत नवी जाड वायर टाका, निदान ६ चौरस मिलिमीटरची. मी १० ची टाकतो, आणि मधे योग्य क्षमतेचा फ्यूज. जुन्या वायरवरच हा करंट सोडला तर ती डॅशखाली वितळते, आणि १९७९ च्या वायरिंगवरचं कापडी-रबरी आवरण पेट घ्यायला फार वेळ लावत नाही. डॅशवरचा चार्जिंगचा दिवा मात्र ठेवा, कारण बहुतेक अल्टरनेटरांना जागं करणारा करंट त्या दिव्यातूनच जातो. तिसरी गोष्ट सवयीची. डायनमो चालतोय का हे बघायला जुने मिस्त्री चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल उपटतात. अल्टरनेटरवर हे केलं की डायोड उडतात. तुमच्या मिस्त्रीला हे आधीच सांगून ठेवा. सगळं झाल्यावर हेडलाइट लावून आयडलिंगला बॅटरीवर मल्टिमीटर धरा, १३.८ ते १४.४ व्होल्टच्या मधे आकडा आला की काम झालं. चार्जिंग भरवशाचं झाल्यावर मोठ्या बॅटरीची गरजही राहत नाही, पुढच्या वेळी लहान घेता येते आणि तिथे आणखी काही किलो जातात. बॅटरी अर्थात नवीच.

रेडिएटरबाबत मात्र मी तुमच्या बेताच्या विरुद्ध सांगणार आहे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो हे खरं, पण फरक दोन-चार किलोंचा. तुमचा तांब्या-पितळेचा रेडिएटर गळला तर गल्लीतला रेडिएटरवाला डाग देऊन दुपारपर्यंत परत देतो. ॲल्युमिनियमच्या कोअरला (मधल्या नळ्यांच्या जाळीला) प्लास्टिकच्या टाक्या चिमटवलेल्या असतात; भंगारातल्या दहा वर्षांच्या प्लास्टिकला केव्हा तडा जाईल ते बघून कळत नाही, आणि आतल्या नळ्यांत किती क्षार साचलाय तेही दिसत नाही. शिवाय नळाचं पाणी भरायची सवय पितळ निभावून नेतं, ॲल्युमिनियमला ते आतून खातं. त्याला कायम कूलंट लागतो. पाइपांचे व्यास, पाण्याची दिशा, कॅपचं प्रेशर ह्या सगळ्या जुळवाजुळवी वेगळ्याच. तुमचा स्वतःचा रेडिएटर उघडून, सळई फिरवून साफ करून घ्या किंवा कोअर नवा टाकून घ्या, आणि त्याच वेळी इंजिन ब्लॉकमधला गाळ ड्रेन करून काढा. तापण्याच्या तक्रारीचं मूळ मला बहुतेक वेळा ह्या गाळातच सापडतं.

ह्याला जोड म्हणून भंगारातून घ्यायची वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक फॅन. मारुती झेन किंवा एस्टीमचा फॅन, मोटर आणि प्लास्टिकचं आच्छादन एकत्र मिळतं. इंजिनवरचा पंखा इंजिन मंद असलं की मंद फिरतो, म्हणजे ट्रॅफिकमध्ये जेव्हा हवा हवी तेव्हाच देत नाही. इलेक्ट्रिक फॅनला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नसतं. पंखा फिरवण्यात खर्च होणारी इंजिनाची ताकदही थोडी सुटते. मोटर बॅटरीला थेट लावून ऐका, पात्यांच्या मुळाशी चीर बघा, आणि पंखा हवा रेडिएटरमधून इंजिनकडे ओढतोय ना याची खात्री करा. रिले, फ्यूज आणि तापमानाचा स्विच हे तिन्ही नवे घ्या. एक अट आहे: आधी अल्टरनेटर, मग फॅन. डायनमोवर हा फॅन चालवाल तर सिग्नलला बॅटरी उतरेल. आणि महिनाभर नीट चालतोय हे बघेपर्यंत जुना पंखा काढून टाकू नका, गुंडाळून जपून ठेवा.

सीटबद्दल लोकांचा बहुधा गैरसमज असतो. पद्मिनीचं पुढचं बाकडं मोठं दिसतं, म्हणून ते जड असणार असं वाटतं. आत स्प्रिंगा, पाइपची चौकट आणि काथ्या किंवा फोम, एवढंच असतं. नव्या गाडीच्या दोन बकेट सीट घेतल्या तर प्रत्येकीत रिक्लायनरची यंत्रणा, रूळ, हेडरेस्ट असं लोखंड असतं, आणि दोन्ही मिळून बाकड्याइतक्याच किंवा जास्त भरू शकतात. म्हणून सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा खिशात ठेवा. साध्या, लहान हॅचबॅकच्या, हेडरेस्ट पाठीतच असलेल्या सीट त्यातल्या त्यात हलक्या असतात. पण बसवण्याच्या जागी फ्लोअर मजबूत हवा, खाली आधाराची प्लेट हवी, आणि पट्ट्याची सोय बरोबर हवी. नुसत्या पत्र्यात बोल्ट मारलेली सीट धडकेत माणसासकट सुटते. शिवाय पुढच्या बाकड्यावर तिघं मावतात, दोन बकेटवर दोघंच. आरसीवरची आसनक्षमता बघून घ्या. मला विचाराल तर वडिलांची गाडी आहे, बाकडं ठेवा, काथ्या काढून चांगला फोम भरा.

अलॉय व्हीलचा मोह समजतो. चाकाचं वजन कमी झालं तर त्याचा फायदा इतर कुठल्याही किलोपेक्षा जास्त असतो, कारण ते वजन फिरतंही आणि स्प्रिंगच्या खालीही असतं. पण अलॉय म्हणजे हलकं हे गणित दरवेळी जुळत नाही. बाजारात मिळणारे रुंद, शोभेचे अलॉय पद्मिनीच्या अरुंद १४ इंची लोखंडी रिमपेक्षा जड निघतात. काट्यावर लावून बघा, मगच बोला. त्यात पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), हबचं मधलं भोक, ऑफसेट (रिम हबपासून किती आत-बाहेर बसते ते माप) आणि नटाची बैठक ह्या चारही गोष्टी जुळाव्या लागतात. भोकं मोठी करून किंवा स्पेसर घालून बसवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. आणि आपल्या खड्ड्यांतून निघालेली अलॉय म्हणजे वाकून सरळ केलेली, वेल्डिंग करून रंगवलेली असण्याची शक्यता मोठी. चाक हे माझ्या कसोटीच्या दुसऱ्या बाजूला येतं. जुनी रिम खरवडून, सरळ करून, पावडर कोटिंग करून घ्या आणि चांगले टायर टाका. गाडी चालवताना जो फरक जाणवेल तो अलॉयपेक्षा जास्त असेल.

बाकीचं झटपट सांगतो. गिअर रिडक्शनचा छोटा स्टार्टर हलका असतो, पण फ्लायव्हीलच्या दातांशी जुळत नाही. त्यासाठी ॲडाप्टर बनवण्याचा खटाटोप तुमच्या गाडीला नको. पत्र्याचे भाग विसरा. काही महागड्या परदेशी गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची असतात आणि कुर्ल्यात दिसतातही, पण पद्मिनीवर त्याचा काही उपयोग नाही. काचेऐवजी ॲक्रिलिक लावायचा सल्ला कोणी दिला तर साफ नकार द्या. प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसान बनावटीचं ११७१ सीसी इंजिन बसवा, असंही कोणी सुचवेल. ते चांगलं इंजिन आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचे कागद वेगळे आहेत.

बाजाराबद्दल. कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडवर, कपाडिया नगरच्या बाजूला मारुती, ह्युंदाईचा माल मिळेल. चोर बाजाराकडे जुन्या गाड्यांच्या कडा, मूठ, दिवे असं किरकोळ सापडतं. ब्रेकचं, स्टिअरिंगचं नवं सामान ऑपेरा हाऊसच्या दुकानांत विचारा. ज्या कुर्ल्यात एकेकाळी प्रीमियरच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची, त्याच कुर्ल्यात आता पद्मिनीचा भंगार माल कमीच दिसतो. टॅक्सी वीस वर्षांची झाली की मोडीत काढायची, ह्या नियमाने पद्मिनी टॅक्सी कमी होत गेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची रस्त्यावरून उतरली. त्याबरोबर सुट्या भागांचा मोठा झरा आटला. म्हणून पद्मिनीचाच मूळ भाग चांगल्या अवस्थेत दिसला, मग तो काच वरखाली करायचा हँडल असो की ग्रिल, तर आज लागत नसला तरी घेऊन ठेवा.

जाताना चुंबक, तो काटा, टॉर्च आणि तुमच्या जुन्या भागाची मापं लिहिलेला कागद न्या. जमलं तर जुना भागच पिशवीत न्या. चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे चंदेरी रंग दिलेलं लोखंड लगेच उघडं पडतं. बुडालेल्या गाडीचा माल ओळखायला शिका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारोंनी गाड्या पाण्याखाली गेल्या. आणि त्यानंतरही दर पावसाळ्यात थोड्याफार जातातच. बाहेरून धुतलेला भाग चकाकतो, पण अल्टरनेटरच्या मागच्या जाळीत, फॅन मोटरच्या टोपणाखाली, कनेक्टरच्या पिनांत बारीक तपकिरी गाळ राहतो. कनेक्टर उघडून टॉर्च मारा. पिना हिरव्या झाल्या असतील तर तो भाग पाणी पिऊन आलाय. पावसाळ्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत जास्त सावध राहा.

आणि बिल घ्या. छोट्या भागाचंही. ज्यावर नंबर कोरलेला असतो, म्हणजे इंजिन ब्लॉक किंवा चॅसिसचा तुकडा, तो कागदाशिवाय हातात धरू नका. चोरीचा माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. नंबर घासलेला दिसला तर किंमत न विचारता पुढे जा.

कायद्याचं आणखी एक. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत लिहिलेल्या गोष्टी कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही. अल्टरनेटर आणि फॅन यांनी आरसीवरची कुठलीच नोंद बदलत नाही. इंजिन, इंधन, बॉडी यांनी बदलते. दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला गाडी न्याल तेव्हा निरीक्षक हेच बघतो. तुमच्या बाबतीत आणखी एक विचार करा: २०२९ मध्ये ही गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांची होईल. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, त्यात ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी बसते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला असेल तर ती दारं बंद होतात. तशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरात ठेवता येत नाही, तेव्हा ती घ्यायची की नाही हा निर्णय नंतरचा. पण आज गाडीला एकही नवं भोक न पाडता, काहीही न कापता काम केलंत तर तो मार्ग मोकळा राहतो. अल्टरनेटर आणि फॅन दोन्ही मूळ बोल्टांवर बसवता येतात. काढलेला डायनमो, कटआऊट आणि पंखा तेल लावून, कागदात गुंडाळून, नावाची चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन रीडिंग, अर्ध्या तासानंतर कुठला ड्रम तापतो ते, आणि सीएनजी किट आहे की नाही. डायनमोच्या ब्रॅकेटचा बाजूने काढलेला फोटोही टाका, पुली दिसेल असा. त्यावरून स्पेसरचं माप काढून देतो, म्हणजे लेथवाल्याकडे एकाच खेपेत काम होईल.